एका बॅटरीत लालबाग

दुबई, ८ फेब्रुवारी १९८९

बाय,

पाया पडतो, आणि पाया पडतानाच विचारतो, या पायांचं काय करून घेतलंस? तुळसाचं पत्र आलं. सून असून तिने कळवलं, आणि तू सख्खी मोठी बहीण, डिसेंबरच्या पत्रात काय लिहिलंस? "सर्व खुशाल. हवा थंड." भाऊच्या धक्क्यावर मासळीची पाटी डोक्यावर घेऊन पडलीस, तासभर उठता आलं नाही, डॉक्टरने दोन्ही गुडघ्यांचे फोटो काढून आता चालणं बंद म्हणून सांगितलं, यातलं एक अक्षर तुला लिहावंसं वाटलं नाही?

असो. भांडण नंतर. मी एक तोड काढलीय.

तुला माहीत आहे, मी इथे हॉस्पिटलच्या सामानाच्या दुकानात स्टोअरकीपर आहे. खाटा, कुबड्या, चाकाच्या खुर्च्या. गेल्या महिन्यात विलायतेहून एक नवीन वस्तू आलीय. विजेवर चालणारी बसायची गाडी. इथे तिला स्कूटर म्हणतात, पण आपल्या रस्त्यावरची स्कूटर डोळ्यांसमोर आणू नकोस. तीन चाकं, एक खुर्ची, पुढे दांडा. अंगठ्याने कळ दाबली की चालते, सोडली की थांबते. पेट्रोल नाही, आवाज नाही. आणि खरी गंमत म्हणजे तिचे चार तुकडे होतात. खुर्ची निघते, बॅटरी निघते, मधला सांगाडा दोन भागांत सुटतो. सगळ्यात जड तुकडा पंधरा किलोचा. टॅक्सीच्या डिकीत जाते, रेल्वेच्या डब्यात जाते. जेवणाच्या सुट्टीत मी गोडाऊनभर फिरवून बघितली. साहेबाने पाहिलं, पण हसला.

मला मापं हवीत. दाराची रुंदी, ओट्याच्या पायऱ्या, गल्ली वळते तिथली जागा. टेप नसेल तर सुतळीने मोज.

आणि एक गोष्ट आत्ताच स्पष्ट करतो. पाटी आता तुळसाकडे. चाळीस वर्षं वाहिलीस, बस झालं. गाडीवर बस, देवळात जा, शेजारणींकडे जा, गाडीचे तुकडे करून लोणावळ्याला ने आणि एकविरेचं दर्शन घे. रामजीला सांग, आईला फिरव. लालबागच्या गिऱ्हाइकांचं नाव काढायचं नाही.

जगन


माझगाव, २६ फेब्रुवारी १९८९

जगन,

शंभर वर्षं जग, आणि माझ्या सुनेची पत्रं वाचायचं सोड. तासभर उठता आलं नाही हे साफ खोटं. पाव तास असेल. तोही मी उठले नाही, कारण कोलंबी सांडली होती आणि बसल्या बसल्या मी ती वेचत होते. वेचली नसती तर बायकांनी उचलून नेली असती. तुला काय माहीत नाय आपल्या धक्क्याच्या बायका?

मापं घे. दार दोन हात आणि वर चार बोटं. ओट्याला दोन पायऱ्या, त्यातली एक तुटकी. रामजी गोदीतून फळी आणून उतार करतो म्हणाला. गल्ली राधाबाईच्या घराशी वळते तिथे तीन हात जागा आहे, पण तिने पाण्याचा पिंप ठेवलाय. हलव म्हटलं तर ती माझ्या सात पिढ्या काढेल. ते माझ्यावर सोड.

आता माझे सवाल. गाडीला पुढे टोपली असते का? किती वजन पेलते? देवळात जायचं म्हणजे नारळ, फुलं, ओटीचं सामान असतं. वीस-पंचवीस किलो तरी पेलायला पाहिजे. पूल चढते का? एकदा वीज भरली की किती लांब जाते?

एकविरेचं काय सांगतोस! आईच्या पायऱ्या ही गाडी चढणार आहे का? का आईला खाली बोलवू?

इकडे मला वेड लागायची पाळी आलीय रे. पहाटे चारला डोळा उघडतो. धक्क्याकडे होड्या लागायची वेळ ती. मी आढ्याकडे बघत पडते. दहाला तुळसा ताट वाढून आणते. दहाला मी कधी जेवलेय? दहाला मी लालबागला काशीबाईच्या चाळीत असायची. ताट बघितलं की मला रडू येतं, आणि तुळसा म्हणते, सासूबाई, मीठ कमी पडलं का?

तर गाडी पाठव. लवकर पाठव.

तुझी बाय


दुबई, १४ मार्च १९८९

बाय,

पंचवीस किलो नारळ? देवळासमोर दुकान टाकतेस की काय? आणि आपल्या घरापासून देऊळ हाकेच्या अंतरावर, वाटेत पूल कुठून आला?

सोबत चित्रांचं पुस्तक पाठवतो. तीन खुणा केल्यात, नीट बघ.

पहिली, पान चारची, चार चाकांची. दणकट आहे, कुठलाही पूल चढेल. पण वजन ऐंशी किलो, तुकडे होत नाहीत, आणि राधाबाईच्या वळणावर अडकली तर पिंपच काय, राधाबाईलाही हलवावं लागेल. ती नको. रोजच्या वापराला जी उचलता येत नाही ती वस्तू चार दिवसांनी ओट्यावर कपडे वाळत घालायला होते, हे मी इथे शंभर गिऱ्हाइकांत बघितलंय.

दुसरी, पान सहाची. मी गोडाऊनमध्ये फिरवली ती हीच. हलकी, तीन चाकी. सपाट रस्त्यावर, रिकाम्या टोपलीने पाच मैल जाते. चढ आणि ओझं असेल तर तीनच धर.

तिसरी म्हणजे हीच गाडी, पण मोठ्या बॅटरीची. दुप्पट लांब जाते. पण ती बॅटरी सध्या स्टॉकात नाही, आणि कधी येईल ते सांगता येत नाही. शिवाय एकटी बॅटरीच जड. तुला काय करायचीय?

म्हणून दुसरी. पाच मैल म्हणजे देवळात दहा वेळा जाऊन येशील. आपल्या गल्लीतला जयवंत मे महिन्यात रजेवर येतोय, तोच सामानात घेऊन येईल. रात्री वीज लावून ठेवायची, सकाळी तयार. देखभालीचं इंग्रजी पुस्तक असेल, रामजीकडून वाचून घे.

जगन


माझगाव, १ एप्रिल १९८९

जगन,

पूल म्हणजे भायखळ्याचा. बाजारात जाऊन स्वतःच्या हाताने भाजी निवडावी म्हटलं. का, तेही चालणार नाय?

चित्रं बघितली. पान सहाच्या चित्रात गोरी म्हातारी टोपी घालून बागेत बसलीय. तिच्या टोपलीत एक कुत्रं आहे. जगन, कुत्रं म्हणजे पाच किलो तर भरेलच. मग माझे नारळ का नाय?

मला मोठ्या बॅटरीची पाठव. येईल तेव्हा पाठव, मी थांबते. दसऱ्यापर्यंत थांबते. बॅटरी जड असली तर माझं मी बघेन. उभ्या जन्मात मी कधी हलकी वस्तू उचलली नाय, आता हलकी म्हणून कौतुक कशाला?

तुळसा वाईट नाय रे. तेच वाईट आहे. वाईट असती तर भांडले असते, दिवस तरी गेला असता. ती उशी आणून देते. पाठीमागे लावते. मी सरळ बसले की पुन्हा लावते.

काल मी भिंत धरून नाक्यापर्यंत गेले. परत येताना दोनदा बसले. नाक्यावरची माणसं म्हणाली, दमयंतीबाई, आता आराम करा. सगळ्यांना माझ्या आरामाची काय घाई लागलीय कळत नाय.

दसऱ्याचं लिहिलं खरं, पण तेवढं थांबणं माझ्याच्याने होणार नाय. छोटी तर छोटी. जयवंताबरोबर पाठव. त्याला सांग, बोटीतल्या सामानासारखी फेकू नकोस.

तुझी बाय


माझगाव, २८ मे १९८९

जगन,

आली रे आली! जयवंताने खोकं ओट्यावर ठेवलं आणि अर्धा कोळीवाडा जमला. प्रत्येकाच्या हातात एकेक तुकडा आणि प्रत्येकाला अक्कल. खुर्ची उलटी बसवली, मग सुलटी केली. विजेच्या पिना चौकोनी निघाल्या, आपल्या भिंतीत जाईनात. रामजीने कापून गोल पिना लावल्या. भीत भीत वीज दिली, आणि हिरवा दिवा लागला. राधाबाईने दिव्याला हात जोडले.

तिसऱ्या दिवशी सकाळी बसले. कळ दाबली तर गाडी पुढे आणि माझा जीव मागे. सोडायची हे डोक्यातच आलं नाय. थेट राधाबाईच्या पिंपावर. धाडकन! गल्लीभर पाणी. सगळे "लागलं का, लागलं का" करत धावले, आणि मी खुर्चीत बसून हसतेय. जगन, सहा महिन्यांनी मी हसले. तुळसा घाबरली, तिला वाटलं डोक्याला मार बसला.

पिंप आता राधाबाईने स्वतःहून हलवलाय.

आता मी पटाईत झालेय. वळते, मागे घेते, खड्डा दिसला की आधीच कळ सोडते. बसल्यावर माझं डोकं लोकांच्या कमरेला लागतं, तेवढं एक आवडत नाय. चाळीस वर्षं पाटीमुळे मी सगळ्यांपेक्षा उंच होते.

रोज देवळात जाते. रोज. काळजी करू नको. तुझं भलं होवो.

तुझी बाय


दुबई, २० जून १९८९

बाय,

तुझं पत्र मी दुकानात सगळ्यांना वाचून दाखवलं. पिंपाचं ऐकून केरळचा मॅथ्यू एवढा हसला की साहेब बाहेर आला. मग साहेबालाही सांगावं लागलं.

किती बरं वाटलं सांगू? संप फिसकटला, मिल बंद पडली, मी इथे आलो, त्याला पाच वर्षं झाली. पाच वर्षांत घरासाठी पुष्कळ काही पाठवलं, पण असं वाटलं नव्हतं कधी. आता इथे काम करताना मध्येच मनात येतं, या वेळी माझी बाय देवळाच्या आवारात सावलीला बसली असेल. आणि जीव शांत होतो.

फक्त एक. पाऊस सुरू झाला असेल. पावसात गाडी बाहेर काढू नकोस. काढलीच तर वरून प्लास्टिक टाक. आणि रोज देवळात? आपण एवढे देवभोळे कधीपासून झालो? पण जा, जा. माझ्यासाठीही हात जोड.

जगन


लालबाग, २४ सप्टेंबर १९८९

जगन्या,

ओळखलंस काय? मी तुळशीदास फिटर. मिलच्या साचेखात्यात कापड विणताना तुझा साचा अडला की ज्याच्या नावाने तू शिमगा करायचास तो. संपाला सात वर्षं होऊन गेली, आपल्या मिलचं गेट अजून बंदच. आम्ही दहा-बारा जण अजून सकाळी गेटसमोर जाऊन बसतो, सवय जात नाय. आमची काशी बरी आहे. ती तुझ्या बायची गिऱ्हाईक, तुला माहीतच आहे.

तुझा पत्ता बायच्या पिशवीतल्या पाकिटावरून उतरवला. ती नको लिहू म्हणत होती. तुला उगाच त्रास नको म्हणून असेल.

काम असं आहे. बायच्या गाडीचा खुर्चीखालचा कंट्रोलचा डबा गेलाय. मी उघडून बघितला, आत मीठ जमलंय, तांब्याच्या पट्ट्या हिरव्या पडल्यात. डब्यावरचा नंबर खाली लिहिलाय. तसला नवा मिळाला तर कुणाबरोबर तरी पाठव.

गाडीला नाव ठेवू नको हां. गाडी सोन्यासारखी आहे. जूनपासून बाय रोज लालबागला येते. पहिल्या दिवशी चिंचपोकळीच्या पुलावर बॅटरी संपली. टोपलीत सुके बोंबील आणि जवळा, वर प्लास्टिक, आणि बाय मध्येच उभ्या गाडीवर बसून टॅक्सीवाल्यांना शिव्या देतेय. गेटवर निरोप आला तसे आम्ही सगळे धावलो. तिने बसल्या बसल्या सांगितलं, हे असं सोडा, ते तसं ओढा. चार तुकडे झाले, चौघांनी उचलले. बायला हातगाडीवर बसवली, मांडीवर टोपली. अशी वरात काढली म्हणून सांगू! चाळीच्या गॅलऱ्या भरल्या. बायका वरून ओरडतायत, "दमयंती इली गो, दमयंती इली!"

तेव्हापासून आमच्या तळमजल्याच्या खोलीत प्लग लावते. बाय चाळीच्या चौकात खुर्ची टाकून बसते आणि खालून हाक मारते, बायका उतरून येतात. एक वाजेपर्यंत माल संपतो, तोवर परत जाण्यापुरती वीज भरते. कशी काढलीय की नाय युक्ती?

पावसाळा सुका माल होता, निभावलं. नारळी पौर्णिमेला तिने गाडीला नव्या होडीसारखं हळद-कुंकू लावलं, हार घातला आणि समुद्राच्या पाण्याने न्हाऊ घातली. मग गणपती गेले, ताजी मासळी सुरू झाली, बर्फाचं पाणी खाली झिरपायला लागलं. वर ती रोज घरी गेल्यावर बादली ओतून ब्रशने गाडी घासते. मी डोक्यालाच हात लावला. तर मला म्हणते, "मासळीची पाटी न धुता घरात घेतात का रे मेल्या?" आता काय बोलायचं!

मी माझ्या परीने बघतोय. एक सांगू? सात वर्षांनी हातात पाना घेतला आणि पहिला अर्धा तास तो नुसता पुसत बसलो. काशीला सांगितलं नाय. तू कुणाला सांगू नको.

लवकर पाठव. बाय तीन दिवस आली नाय, सगळी चाळ मला येऊन विचारते.

तुझा तुळशीदास


दुबई, ९ ऑक्टोबर १९८९

दमयंतीबाई,

आज बाय लिहिणार नाही.

तुळशीदासचं पत्र मी दुकानात उभ्याने वाचलं, आणि मग बसलो. चार महिने! चार महिने तू मला देवळाच्या कथा लिहिल्यास आणि मी त्या इथे पेढ्यासारख्या वाटल्या. ऑगस्टच्या पत्रात प्रसादाला शिरा होता म्हणून लिहिलंस. शिरा! तू तेव्हा चिंचपोकळीच्या पुलावर ट्रकांच्या मधून सुकट वाहत होतीस. जयवंत इथे परत आला, त्याला विचारलं, तर म्हणाला, मला काही माहीत नाही. त्यालाही फितवलंस ना?

मग आता माझंही ऐक. मोठी बॅटरी स्टॉकात होती. माझ्याच हाताने मी ती रॅकवर लावली होती. मी मुद्दाम छोटी दिली. हो, मुद्दाम. माझगावहून धक्का, धक्क्यावरून लालबाग आणि परत, ओझ्यासकट, हे सगळं मी कागदावर मोजलं होतं. छोटीत ते होत नाही. तुझ्या पंचवीस किलो नारळांवरूनच मी ओळखलं होतं. म्हणून हलकी गाडी आणि छोटी बॅटरी. घरापासून नाक्यापर्यंत, देवळापर्यंत, आणि घरी.

तुला राग येईल. येऊ दे. संपात माझ्या घरात अठरा महिने चूल पेटली ती तुझ्या पाटीवर. मी गेटवर घोषणा देत होतो, आणि तू माझ्या पोरांसाठी लालबागचे जिने चढत होतीस. दिवसाला किती मजले? तू कधी मोजले नाहीस, मी मोजलेत. तुझे गुडघे आम्ही खाल्ले, बाय. मी, माझी बायको, माझी पोरं, आम्ही सगळ्यांनी बसून खाल्ले. निदान उरलेले दिवस तू बसून खावंस एवढंच मागतोय. ते जास्त आहे का?

आणि दुसरं. आये गेली तेव्हा मला तार आली. विमान मिळून घरी पोचेपर्यंत तिसरा दिवस. तुम्ही मला अस्थींचा कलश दाखवलात. तेव्हापासून दुकानात तारवाला शिरला की मी हातातलं काम टाकून धावतो, तार मॅथ्यूची असली तरी. तू कुठल्या पुलावर, कुठल्या ट्रकखाली जाशील, आणि मला इथे चार शब्दांत कळेल. मला ते सोसणार नाही. सांगून ठेवतो, सोसणार नाही.

डबा पाठवणार नाही. गाडी बंद पडलीय ते उत्तम झालं. घरी बस.

जगन


माझगाव, २७ ऑक्टोबर १९८९

जगन,

दमयंतीबाई! वाचून आधी हसले, मग रडले, मग तुळसा उशी घेऊन आली म्हणून पुन्हा हसले. आज सकाळपासून हे पत्र लिहितेय. तीन वेळा फाडलं.

खोटं बोलले. कबूल. देवळावरून रोज जात होते हे खरं, हात जोडायचे आणि पुढे. शिरा मात्र सपशेल खोटा. तुला आवडतो म्हणून लिहिला.

धुण्याचं म्हणशील तर तू पावसात काढू नको म्हणालास. धुऊ नको असं कुठे म्हणालास? वासाची गाडी मी सुनेच्या स्वयंपाकघराजवळ कशी ठेवू? इंग्रजी पुस्तक रामजीने वाचलं, पण त्यात बागेतल्या म्हातारीसाठी लिहिलंय. मासळीचं त्यांना काय माहीत?

आता बॅटरीचं. मला ते पहिल्याच दिवशी कळलं होतं. जयवंत खोकं उघडता उघडता म्हणाला, मोठी बॅटरी दुकानात शेजारीच होती, जगनदादा घाईत विसरला वाटतं. मी म्हटलं, हो, विसराळूच आहे. आणि आत जाऊन बसले. दोन दिवस तुझ्यावर एवढी चिडले होते की गाडीला हात लावला नाय. माझ्याच भावाने मला दाव्याला बांधली, असं वाटलं. तिसऱ्या दिवशी वाटलं, बांधली खरी, पण चाकंही त्यानेच दिली. मग म्हटलं, बघू हे दावं कुठवर पुरतं. काशीबाईचा प्लग तुझ्या कागदावर नव्हता, जगन.

जयवंताला आणि तुळसाला शिव्या घालू नको. दोघांना मी शपथ घातली होती.

गुडघे खाल्ले म्हणतोस. असं पुन्हा लिहू नको. मला नाय आवडलं. तू काय चोरून खाल्लेस? मी वाढलं होतं. संपात लालबागच्या बायकांकडे मासळी घ्यायला काही नसायचं. तरी माझी हाक ऐकली की दारात यायच्या. नुसत्या बोलायला. कुणाचा नवरा गावी निघून गेलेला, कुणाचा दारू प्यायला लागलेला. मी पाटी खाली ठेवायची आणि ऐकायची. ते जिने मी तुझ्या पोरांसाठी चढले, आणि माझ्यासाठीही चढले. तू एकट्याच्या नावावर लिहून घेऊ नको.

घरात माझी कुणाला गरज नाय रे. ही तक्रार नाय, खरं तेच सांगते. रामजी चांगला, तुळसा चांगली, पाटीसुद्धा तुळसा इथल्या इथे गल्लीत चांगली चालवते. मी नसले तरी ताटं तेवढीच वाढली जातात, एक कमी एवढंच. पण मी चाळीच्या चौकात हाक मारते तेव्हा चार मजल्यांवर दारं उघडतात. तिथे बसलेली मी आणि इथे उशीला टेकलेली मी, दोन वेगळ्या बाया आहेत. इथल्या बाईला मी घाबरते. ती माझ्याकडे बघत असते.

तुझा डबा नको. तुळशीदासने सहा दिवस बसून गाडी चालू केली. पट्ट्या घासल्या, दोन तारा नव्या टाकल्या, आणि डब्यावर मेणकापड शिवून दिलं. काशीबाई म्हणते, संप झाल्यापासून हा माणूस पहिल्यांदा जेवताना बोलला. गाडी कण्हते, पण जाते. आता मी धूत नाय, ओल्या फडक्याने पुसते, आणि टोपलीखाली रबर अंथरते. सोमवारपासून पुन्हा सुरू केलं. पुलावर डाव्या कडेने जाते, आणि चढाला गेटवरचा कुणीतरी मागे असतो. हे तुला लपवून करायचं नव्हतं, म्हणून आज लिहितेय. यापुढे खोटं लिहिणार नाय. तूही मला नाय म्हणू नको. म्हणालास तरी जाईन, पण जाताना जीव जड होईल.

मोठी बॅटरी पाठवायची तर पाठव, नाहीतर राहू दे. तू ठरव.

राहिली तार. ती येणारच, जगन. मला तुझी नाहीतर तुला माझी, आणि मी मोठी आहे. आयेच्या वेळी तू तीन दिवसांनी पोचलास, दारात उभा राहिलास, तुझं तोंड मला अजून दिसतं. मी काय करू रे? त्यावर माझ्याकडे औषध नाय. एवढंच सांगते. माझी तार आली की रडण्याआधी ती कुठल्या पोस्टातून सुटली ते बघ. वरच लिहिलेलं असतं. माझगाव असेल तर मी खाटेवर गेले, मग हवं तेवढं रड. पण लालबाग असेल तर थोडंच रड. मी कामावर होते.

तुझी बाय